पुढल्या चाकाचा सांधा आणि वळणावरचा आवाज : प्रस्तावना

मोटारगाडी सरळ रस्त्यावर बिनतक्रार धावावी, इंजिनाचा नाद सम असावा, ब्रेक, गिअर आणि स्टिअरिंग यांपैकी कोणाविषयीही काही म्हणावयास जागा नसावी. आणि तीच गाडी सोसायटीच्या फाटकातून आत घेताना किंवा अरुंद गल्लीत माघारी फिरवताना, स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून ॲक्सिलरेटरवर पाय पडतो न पडतो तोच, पुढल्या चाकापाशी ‘कट्‌ कट्‌ कट्‌’ असा कोरडा, चाकाच्या गतीबरोबर जलद किंवा मंद होणारा धातूचा आवाज उमटावा, हा अनुभव आज पुष्कळ मोटारमालकांच्या परिचयाचा आहे. ही तक्रार घेऊन गॅरेजात गेलेल्या मालकास बहुधा दोनपैकी एक उत्तर मिळते : ‘एक्सल गेला, बदलावा लागेल’, किंवा ‘चालू द्या, काही होत नाही’. पहिले उत्तर अनेकदा बरोबर असते आणि दुसरे काही काळ खरे ठरते. परंतु दोहोंतही कारणाचा खुलासा नसल्यामुळे मालकाला तो फैसला केवळ विश्वासावर मान्य करावा लागतो, आणि मिस्त्रीच्या हाताखाली शिकणाऱ्या मुलालाही आपण काय बदलले एवढेच कळते, का बदलले ते कळत नाही. तो खुलासा, मिस्त्री आणि मालक या दोघांनाही सारखाच उपयोगी पडेल अशा मराठीत साद्यंत करावा, या हेतूने ही पुस्तिका सिद्ध केली आहे.

या सर्व विवेचनाच्या मुळाशी एकच प्रतिपादन आहे आणि ते आरंभीच सांगितलेले बरे. वळणावर ऐकू येणारा हा आवाज म्हणजे दोषाची फार उशिरा पोहोचलेली वर्दी होय. तो कानी पडतो त्याच्या कितीतरी आधी, कित्येकदा दोनतीन पावसाळ्यांपूर्वी, गाडीच्या पोटाखाली रबराच्या एका आवरणाला चीर पडलेली असते, आणि ती चीर पाहण्यास कोणी वाकलेले नसते. म्हणून निदान करणाऱ्याने आवाजापाशी थांबू नये. आवाजापासून सांध्याकडे, सांध्यापासून ग्रीसकडे आणि ग्रीसपासून त्या फाटलेल्या आवरणाकडे असे उलट पावली जावे. पुस्तिकेतील प्रकरणांची मांडणी याच क्रमाने केली आहे.

प्रथम हा सांधा मुळात हवाच कशाला, याचा विचार करू. ज्या गाडीला पुढल्या चाकांचे बळ मिळते त्या गाडीत एकाच चाकाला दोन कामे करावी लागतात : इंजिनाची शक्ती घेऊन गाडी ओढणे आणि चालकाच्या इच्छेप्रमाणे डावी-उजवीकडे वळणे. शक्ती आणणारा दांडा, ज्याला गॅरेजात ड्राइव्ह शाफ्ट किंवा नुसते एक्सल म्हणतात, गिअरबॉक्सपासून निघतो. त्याचे दुसरे टोक मात्र खड्ड्यागणिक वर-खाली होणाऱ्या आणि वळणागणिक तिरप्या होणाऱ्या चाकाशी जोडलेले असते. दोन तिरप्या दांड्यांमधून फिरती गती नेण्याची युक्ती जुनी आहे. सोळाव्या शतकातील इटालियन गणिती कार्डानो याच्या नावाने ती ओळखली जाते, आणि इंग्लंडातील रॉबर्ट हूक याने १६७० च्या दशकात तिचे वर्णन प्रसिद्ध केले. आपल्याकडे ट्रकच्या प्रोपेलर शाफ्टला लागणारा आणि मिस्त्री ज्याला ‘क्रॉस’ म्हणतात तो सांधा हाच. परंतु या क्रॉसमध्ये एक जन्मजात वैगुण्य आहे : आत येणारा दांडा अगदी एकसारख्या वेगाने फिरत असला तरी बाहेर जाणारा दांडा प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. दोन दांड्यांमध्ये ३० अंशांचा कोन असेल तर बाहेरच्या दांड्याचा वेग मूळ वेगाच्या ०.८७ पटीपासून १.१५ पटीपर्यंत सतत हेलकावत राहतो, आणि कोन ४० अंशांवर गेला की हीच मर्यादा ०.७७ ते १.३१ अशी रुंदावते. लांब प्रोपेलर शाफ्टच्या दोन टोकांना समान कोनाचे दोन क्रॉस बसवून एकाचा दोष दुसऱ्याकडून फेडून घेता येतो, आणि मागील चाकांना बळ देणाऱ्या गाड्यांत तसे करतातही. वळणाऱ्या चाकापाशी मात्र कोन क्षणोक्षणी बदलत असल्यामुळे ही परतफेड साधत नाही; चाक धक्के देत फिरते आणि ते धक्के स्टिअरिंगवाटे चालकाच्या हातापर्यंत पोहोचतात.

या अडचणीवर विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात एकाच वेळी अनेकांनी विचार केला. फ्रान्समध्ये ग्रेग्वार आणि फेनाय यांनी ‘त्राक्ता’ नावाचा सांधा सिद्ध केला. अमेरिकेत वाइस याने एक रचना सुचवली. आणि त्याच सुमारास तेथीलच अभियंता आल्फ्रेड झेप्पा याने पोलादी गोळ्यांचा तो सांधा योजिला, ज्याचे वंशज आज आपल्या बहुतेक गाड्यांच्या पुढल्या चाकांत फिरत आहेत. झेप्पाच्या रचनेत आतील भाग गोलाकार असून त्यावर सहा वक्र खाचा असतात. बाहेरील भाग घंटेच्या आकाराचा असून त्याच्या आतल्या अंगास तशाच सहा खाचा असतात. प्रत्येक जोडीत एक याप्रमाणे सहा गोळ्या बसतात, आणि खिडक्या असलेला एक पिंजरा त्या सर्वांना एका पातळीत धरून ठेवतो. साऱ्या रचनेचे मर्म असे की दोन दांड्यांमध्ये कोणताही कोन झाला तरी त्या सहा गोळ्यांची पातळी तो कोन बरोबर दुभागते. त्यामुळे ज्या वेगाने गती आत येते त्याच वेगाने ती बाहेर जाते, आणि ४५ अंशांच्या आसपास कोन झाला तरी चाक कुरकुर न करता फिरते. इतक्या थोड्या भागांतून इतका कठीण भूमितीचा प्रश्न सोडवणारी दुसरी रचना मोटारीत क्वचितच सापडेल, आणि म्हणून त्या प्रकरणाला मी मुद्दाम अधिक पृष्ठे दिली आहेत. दुसऱ्या महायुद्धातील जीपगाड्यांच्या पुढल्या आसात हे निरनिराळे सांधे आलटून पालटून वापरले गेले. पुढे १९५९ साली ॲलेक इसिगोनिस याने इंजिन आडवे ठेवून ‘मिनी’ ही चिमुकली गाडी रचली, तेव्हा झेप्पाच्या तत्त्वावरील सांध्यामुळेच तिच्या दहा इंची चाकांना ओढणे आणि वळणे ही दोन्ही कामे एकत्र साधली.

आपल्याकडे हा सांधा घराघरांत पोहोचण्यास आणखी चोवीस वर्षे जावी लागली. कलकत्त्याजवळ उत्तरपाड्यास तयार होणारी अँबॅसॅडर आणि मुंबईत कुर्ल्यास तयार होणारी फियाट, म्हणजे पुढे जिला पद्मिनी म्हणू लागले ती गाडी, या दोहोंतही मागील चाकांनाच बळ मिळत असे. त्यांच्या मिस्त्रींना क्रॉस, डिफरन्शिअल आणि मागचा आस यांचे ज्ञान इतके मुरलेले होते की गाडी फाटकात शिरण्यापूर्वीच आवाजावरून दोष सांगणारी माणसे मुंबईच्या टॅक्सीवाल्यांना ठाऊक असत. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली. तिचे इंजिन आडवे होते आणि बळ पुढल्या चाकांना होते. १९९८ साली पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यातून इंडिका निघाली, तिचीही रचना तीच. काळीपिवळी पद्मिनी हळूहळू मागे पडली आणि टॅक्सीच्या रांगेतही पुढून ओढणाऱ्या गाड्या दिसू लागल्या. एका पिढीच्या आत मिस्त्रीच्या ज्ञानाचा भूगोल असा गाडीच्या मागच्या अंगाकडून पुढच्या अंगाकडे सरकला. परंतु जुने ज्ञान जसे वस्तादाकडून शागिर्दाकडे वर्षानुवर्षे उतरत आले होते, तसा अवधी या नव्या ज्ञानाला मिळाला नाही. त्याचे लेखी साहित्य कंपन्यांच्या इंग्रजी पुस्तिकांत अडकून राहिले. कणकवलीच्या किंवा बार्शीच्या गॅरेजात काम करणारा कुशल हात हे साहित्य वाचू शकत नाही म्हणून ‘भाग बदलून पाहू’ या मार्गाने जातो, आणि त्याचा खर्च मालकाला सोसावा लागतो. यात त्या हाताचा दोष नाही. दोष आहे तो आपण त्याला त्याच्या भाषेत काही लिहून दिले नाही याचा.

आता सांध्याच्या नाशाकडे वळू. सहा गोळ्या आणि त्यांच्या खाचा कठीण पोलादाच्या असतात, आणि योग्य ग्रीसमध्ये त्या लाखभर किलोमीटर सहज टिकतात. ते ग्रीस काळसर असून त्यात मॉलिब्डेनम डायसल्फाइड असते. बेअरिंगचे साधे पिवळे ग्रीस त्याच्या जागी भरणे ही बचत नव्हे. ग्रीस आत राहावे आणि धूळ-पाणी बाहेर राहावे म्हणून सांध्यावर घड्यांचे एक रबरी आवरण असते. त्याला सर्वजण ‘बूट’ म्हणतात. उन्हाने, वयाने, उडालेल्या खड्याने किंवा क्लॅम्प सैल झाल्याने हा बूट घडीच्या तळाशी चिरतो, आणि मग चाकाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर ग्रीस बाहेर भिरकावले जाऊन रिमच्या आतल्या बाजूस व सस्पेन्शनवर त्याचा काळा पट्टा उमटतो. ज्याने तो पट्टा वेळीच पाहिला त्याचे काम बूट आणि ग्रीसवर भागते. ज्याने पाहिला नाही त्याच्या सांध्यात पुढल्या आषाढात चिखल शिरतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडील जांभ्याची तांबडी माती पाण्याबरोबर आत गेली आणि उरल्यासुरल्या ग्रीसमध्ये मिसळली की ती पॉलिश पेपरचे काम करते, आणि पोलादाच्या खाचा दिवसेंदिवस खात जाते.

हा आवाज वळणावरच का येतो, या प्रश्नाचे उत्तर याच झिजेत आहे, आणि ते समजल्यावाचून निदान पक्के होत नाही. सरळ रस्त्यावर सांध्याचा कोन थोडा असतो; गोळ्या खाचेच्या मधल्या लहानशा पट्ट्यातच हालतात, आणि साहजिकच खाच तेथेच झिजून खळगा पडतो. गाडी सरळ धावते तोवर गोळी त्या खळग्यातच वावरत असल्यामुळे काही ऐकू येत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवले की कोन वाढतो, प्रत्येक फेऱ्यात गोळीला खाचेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन परत यावे लागते, आणि भाराखाली असताना खळग्याची कड ओलांडताना ती आपटते. तोच तो ‘कट्‌’. मारुती ८०० ला दीर्घकाळ लागत असलेल्या १४५/७० आर १२ मापाच्या टायरचा परीघ सुमारे १.६ मीटर भरतो; ताशी १० किलोमीटर वेगाने ते चाक सेकंदाला पावणेदोन फेरे घेते, म्हणजे एकच खाच झिजलेली असेल तर ठोक्यांची लय साधारण तेवढीच राहते आणि अधिक खाचा झिजल्या की ठोके दाट होतात. घाटात ही झीज लवकर वाढते याचे कारणही उघड आहे. आंब्याच्या किंवा वरंध्याच्या चढणीवरील नागमोडी वळणावर पहिला-दुसरा गिअर, पूर्ण भार आणि मोठा कोन हे तिन्ही एकाच वेळी सांध्यावर येतात.

निदानाची पद्धत मी पुस्तिकेत विस्ताराने दिली आहे; येथे तिच्यामागील विचार सांगतो. पहिले काम कानाचे नाही. चाकाचे नट घट्ट आहेत की नाहीत हे पान्याने पाहावे, कारण सैल नटांचाही आवाज असाच येऊ शकतो आणि तो दुर्लक्षिला तर प्रसंग जिवावर बेततो. दुसरे, टायरच्या नक्षीत अडकलेला खडा आणि हललेली व्हील कॅप या क्षुल्लक गोष्टी आधी बाद कराव्यात. तिसरे, गाडी जागच्या जागी उभी असताना नुसते स्टिअरिंग फिरवून पाहावे; तेव्हाच ‘टक्‌’ असा आवाज आला तर तपास स्ट्रटच्या माउंटकडे, स्प्रिंगकडे, बॉल जॉइंटकडे किंवा टाय रॉडकडे न्यावा, कारण सहा गोळ्यांचा सांधा चाक फिरल्याशिवाय आणि भार पडल्याशिवाय आपली कैफियत मांडत नाही. मग मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून मंद गतीने वर्तुळात गाडी चालवावी, किंचित ॲक्सिलरेटर द्यावा, आणि आवाज चालू असतानाच क्लच दाबून पाहावा. क्लच दाबताच ठोके विरले किंवा अगदी मंद झाले तर दोष शक्ती वाहणाऱ्या भागात आहे; तसेच चालू राहिले तर पुन्हा चाक आणि टायर तपासावेत. हीच परीक्षा मागे जातानाही घ्यावी. उलट्या गिअरमध्ये खाचेच्या दुसऱ्या बाजूवर भार येतो, आणि पुढे-मागे जाताना आवाजात स्पष्ट फरक पडला तर सांध्याविरुद्धचा पुरावा बळकट होतो.

कोणत्या बाजूचा सांधा गेला, याविषयी गॅरेजांत एक ठाम नियम प्रचलित आहे : डावीकडे वळताना आवाज आला तर उजवा, उजवीकडे वळताना आला तर डावा. वळणात गाडीचा भार बाहेरच्या चाकावर सरकतो, हे त्याचे समर्थन आहे आणि ते बऱ्याच वेळा खरे ठरते. परंतु आतले चाक बाहेरच्या चाकापेक्षा अधिक कोनात वळते, त्यामुळे त्याच्या सांध्यातील गोळ्यांचा प्रवास अधिक मोठा असतो, ही दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. शिवाय लोखंडी कवचातून आवाज प्रवास करतो आणि आत बसलेल्याच्या कानाला दिशेचा भरवसा देत नाही. माझ्या मते या नियमाला इशाऱ्याइतकेच मोल द्यावे, हुकुमाइतके नाही. मदतनीसाने बाहेर उभे राहून ऐकावे. नंतर गाडी स्टँडवर घेऊन दोन्ही बूट प्रत्येक घडी उघडून पाहावेत, आणि एका हाताने शाफ्ट व दुसऱ्याने चाक धरून सांध्यातील ढिलाई चाचपावी. फैसला डोळ्यांनी आणि हातांनी करावा. सरळ रस्त्यावर वेग घेताना गाडी थरथरत असेल, किंवा ॲक्सिलरेटर सोडता-दाबताना ‘धप्‌’ असा एकच ठोका येत असेल, तर संशय गिअरबॉक्सकडील आतल्या सांध्यावर न्यावा. तो तीन रोलरांचा आणि आतबाहेर सरकणारा असतो, आणि त्याचे प्रकरण स्वतंत्र आहे. वेगाबरोबर वाढणारी घुंईऽऽ ही बेअरिंगची, सांध्याची नव्हे.

उपायाविषयी मतभेद पुष्कळ आहेत, म्हणून माझे मत स्पष्ट नोंदवतो. बूट फाटला आहे, ग्रीस अजून स्वच्छ आहे आणि आवाज मुळीच नाही, अशा अवस्थेत सांधा उतरवून, धुऊन, नवे ग्रीस आणि नवा बूट घालणे हाच योग्य व स्वस्त मार्ग होय. आवाज सुरू झाल्यानंतर मात्र ग्रीस भरून आवाज दबवणे निरर्थक आहे. पडलेला खळगा ग्रीसने भरून येत नाही. दोन्ही बाजूंचे बाहेरचे सांधे सारखे असतील तर काही जुने मिस्त्री त्यांची अदलाबदल करतात. त्यामुळे फिरण्याची दिशा उलटून खाचेच्या न झिजलेल्या बाजूवर भार येतो आणि आवाज काही काळ थांबतो. युक्ती खरी आणि बुद्धिमान आहे, दूरगावी भाग मिळेपर्यंत ती करण्यास हरकत नाही. पण मालकाला तसे सांगूनच ती करावी. नवा सांधा घालावा की संपूर्ण शाफ्ट, हे आतल्या सांध्याच्या आणि दातऱ्यांच्या अवस्थेवर ठरवावे. आतला सांधा निर्दोष असेल तर चांगल्या प्रतीचा केवळ बाहेरचा सांधा घालणे मला हलक्या प्रतीच्या पूर्ण शाफ्टपेक्षा श्रेयस्कर वाटते. ज्या गाडीच्या सांध्यावर एबीएसची दातेरी कडी असते तिच्या नव्या कडीचे दाते जुन्या कडीइतकेच आहेत, हे मोजून पाहावे.

‘चालू द्या’ हा सल्ला कोठवर मानावा? आवाज सुरू झाल्यापासून सांधा किती दिवस तग धरील याचा अंदाज देता येत नाही. मात्र तुटतो तेव्हा काय होते हे निश्चित सांगता येते. डिफरन्शिअलच्या रचनेमुळे सगळी गती त्या मोकळ्या झालेल्या बाजूस निघून जाते, इंजिन गुरगुरत राहते आणि गाडी जागची हलत नाही. याहून घातक गोष्ट म्हणजे चढावर उभी केलेली अशी गाडी गिअरमध्ये टाकूनही थांबत नाही, कारण गिअर आणि चाके यांचा संबंधच तुटलेला असतो. तेथे केवळ हँडब्रेक आणि चाकामागे लावलेला दगड एवढाच आधार उरतो. घाटमाथ्यावर राहणाऱ्या वाचकांनी हा परिच्छेद आपल्या घरच्या चालकांना अवश्य वाचून दाखवावा.

प्रत्यक्ष काम करणाऱ्यांसाठी शेवटच्या प्रकरणात जे सांगितले आहे त्यातील काही गोष्टींचा उल्लेख येथेच करतो, कारण सर्वाधिक नुकसान त्यांच्याच हयगयीने होते. हबचा मोठा नट चाक जमिनीवर असतानाच सैल करावा आणि त्याच स्थितीत अखेरचा आवळावा. आवळताना त्या त्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेले माप टॉर्क रेंचने पाळावे, लांब पाइप घालून अंदाजाने नव्हे, कारण बेअरिंगचे आयुष्य या एका नटावर अवलंबून असते. चेपून अडकवलेला नट पुन्हा वापरू नये. शाफ्ट गिअरबॉक्समधून काढताना ऑइल सील दुखवू नये, आणि बसवताना आतल्या सर्क्लिपचा ‘टक्‌’ हाताला जाणवल्याशिवाय पुढे जाऊ नये. ती नीट बसली नाही तर पहिल्याच खड्ड्यात शाफ्ट बाहेर सरकतो. बूटच्या संचासोबत आलेली ग्रीसची पुडी पूर्ण वापरावी, क्लॅम्प नवे घ्यावेत, गिअरबॉक्समधील गेलेल्या तेलाची भरपाई करावी, आणि त्यानंतर गाडी दोन्ही दिशांना, पुढे आणि मागे, पूर्ण वळणात चालवून पाहावी. काही दिवसांनी गाडी पुन्हा बोलावून बूट, क्लॅम्प आणि गिअरबॉक्सची सील कोरडी आहेत की नाहीत हे पाहावे. ही दुसरी तपासणी मालकाने मागून घ्यावी, आणि मिस्त्रीनेही तिचे वेगळे पैसे न लावता ती मूळ कामाचाच भाग मानावी.